अमेरिकेतून आई-बाबांना बिझनेस क्लासने परत पाठवताना: सारखे येणारे प्रश्न

सप्टेंबर उजाडला की ठरलेलं असतं. एप्रिल-मेमध्ये आलेल्या आई-बाबांचे सहा महिने संपत येतात, गणपती इथेच झालेले असतात, दिवाळीला घरी पोचायचं असतं, आणि मग मेसेज सुरू होतात, "बाबांचे गुडघे फार दुखतायत रे, या वेळी जाताना बिझनेस करावं म्हणतोय, तुला काय वाटतं?" जर्सीतून, बे एरियातून, डॅलसहून, आणि प्रश्न सगळ्यांचे तेच. म्हणून एकदाच नीट लिहून ठेवतोय, पुढच्या वेळी लिंक पाठवली की काम झालं. सगळं अमेरिका ते मुंबई-पुणे धरून लिहिलंय. कॅनडावाल्यांनी प्र. १६ सोडून बाकीचं वाचायला हरकत नाही.

१. प्रीमियम इकॉनॉमी, बिझनेस आणि फर्स्ट यात नेमका फरक काय? प्रीमियम म्हणजेच बिझनेस ना?

नाही, आणि इथेच बरेच जण फसतात. प्रीमियम इकॉनॉमी ही शेवटी खुर्चीच. जरा रुंद, पाय लांब करायला थोडी जास्त जागा, पाठ थोडी जास्त मागे जाते, जेवण जरा बरं. लांबच्या फ्लाइटवर बिझनेस म्हणजे बहुतेक ठिकाणी सीटचा सपाट पलंग होतो, लाउंज मिळतं, चेक-इनची रांग वेगळी. फर्स्ट थोड्याच कंपन्यांकडे उरलंय आणि त्याबद्दल मला कोणी विचारतही नाही, तेव्हा ते सोडून देऊ.

२. एकाच बाजूला परवडतंय. येताना करू की जाताना?

माझं मत जाताना. येताना उत्साह असतो, नातवंडांना बघायचं असतं, शिवाय उतरल्यावर तुम्ही गाडी घेऊन उभे असता. परत जाताना सहा महिन्यांचा थकवा, भरलेल्या बॅगा, मनातून थोडं जड झालेलं, आणि मुंबईला उतरल्यावर पुण्या-नाशिकवाल्यांना पुढे अजून चार-पाच तास गाडीत. त्यात पूर्वेकडे जाताना जेटलॅग जास्त त्रास देतो कारण शरीराचं घड्याळ पुढे ढकलायचं असतं आणि ते मागे ढकलण्यापेक्षा अवघड. न्यूयॉर्क ते मुंबई उन्हाळ्यात साडेनऊ तासांचा फरक, हिवाळ्यात साडेदहा, कॅलिफोर्नियाहून साडेबारा-साडेतेरा, म्हणजे दिवसाची सरळ रात्रच. विमानात सहा तास आडवं पडून झोप मिळाली तर पहिले दोन दिवस माणसासारखे जातात.

अपवाद एकच, पहिल्यांदा येतायत आणि दोघंही घाबरलेत, तर येताना करा.

३. भाडं इकॉनॉमीच्या किती पट असतं? आणि भारतातून काढलेलं स्वस्त पडतं का?

तिप्पट-चौपट दिसलं तर दचकू नका, तसंच असतं. पण एक गोष्ट तपासा. नुसतं वन-वे बिझनेस बघितलं तर कधीकधी आकडा डोळे फिरवणारा असतो आणि तेच मुंबईहून राउंड ट्रिप काढून "येताना इकॉनॉमी, जाताना बिझनेस" असं टाकलं तर गणित बरंच माणसात येतं. म्हणजे हा विचार आई-बाबा मुंबईहून निघायच्या आधी करायचा, ऑगस्टमध्ये नाही. ऑगस्टमध्ये म्हणजे वरातीमागून घोडं. भारतातून सुरू होणाऱ्या इकॉनॉमी सोडून बाकी सगळ्या वर्गांच्या तिकिटावर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी १२ चा १८ टक्के झालाय, तोही धरा.

४. प्रीमियम इकॉनॉमीवर भागेल का? अर्ध्या पैशात होतंय.

माणसावर आहे. बाबा साठीचे आहेत, धडधाकट आहेत, फक्त उंच आहेत म्हणून गुडघे पुढच्या सीटला लागतात, तर पैसे वसूल. पण आईला पाठीचा त्रास आहे, बसून झोप येतच नाही, तर प्रीमियम इकॉनॉमीतही ती जागीच राहणार, नुसती जरा ऐसपैस जागी राहणार. माझा नियम साधा आहे, विकत झोप घ्यायची असेल तर पलंग असलेलंच घ्या, नाहीतर इकॉनॉमीत आइलची चांगली सीट पैसे देऊन घ्या आणि उरलेल्या पैशात मुंबई-पुणे चांगली गाडी करून द्या. आणि प्रत्येकाकडे हा वर्ग नसतोच, कतार एअरवेजकडे नाही, तिथे इकॉनॉमी नाहीतर थेट बिझनेस.

५. बिझनेस म्हणजे बिझनेस, कुठल्याही विमानात सारखंच ना?

अजिबात नाही. हा प्रश्न कमी लोक विचारतात आणि सगळ्यात जास्त विचारायला हवा.

एअर इंडियाचंच घ्या. नव्या ए-३५० मध्ये बिझनेसच्या २८ सीट, १-२-१ अशा मांडलेल्या (ओळीत चार, मध्ये दोन बोळ), प्रत्येकाला दरवाजा, कुणालाही न ओलांडता बाहेर पडता येतं. तीच कंपनी, तसंच भाडं, पण जुनं, आतून नवं न केलेलं ७७७-३००ईआर आलं तर २-३-२. एमिरेट्सचंही तसंच, ए-३८० मध्ये १-२-१ आणि जुन्या ७७७ मध्ये २-३-२, म्हणजे बिझनेसचं तिकीट काढून बाबा मधल्या सीटवर. खिडकीशी बसलेल्याला रात्री बाथरूमला जायचं तर शेजारी आडव्या झोपलेल्या माणसाच्या पायांवरून ढांग टाकून जायचं. सत्तरीच्या माणसाला हे जमणार आहे का, तुम्हीच सांगा.

म्हणून बुक करताना विमानाचा प्रकार आणि सीट मॅप दोन्ही उघडून बघा. ओळीत चार सीट दिसल्या तर डोळे झाकून घ्या. सहा-सात दिसल्या तर दोघांना शेजारशेजारची जोडी द्या, म्हणजे ओलांडायची वेळ आली तरी घरातल्याच माणसाला. १-२-१ मध्ये जोडप्याला मधल्या दोन सीट बऱ्या, पण काही विमानांत त्या दोन सीटमध्येही उंच पार्टिशन असतं, ते खाली घेता येतं का ते बघा, नाहीतर चौदा तास "अहो, ऐकलंत का" म्हणायचीही सोय नाही.

आणि हो, विमान ऐन वेळी बदलू शकतं. तेव्हा आठवड्यातून एकदा बुकिंग उघडून सीट नंबर तोच आहे ना ते बघत राहा.

६. नॉनस्टॉप चांगलं की दुबई-दोहा-लंडन करून?

पलंग मिळत असेल तर एक लांब उडी सगळ्यात चांगली. न्यूयॉर्क ते दुबई किंवा दोहा साडेबारा तासांच्या आसपास, त्यात जेवून नीट झोप होते, पुढचे तीन तास कसेही जातात. लंडनमार्गे मात्र सात अधिक नऊ असे दोन तुकडे पडतात. सात तासांतले दोन जेवणात, शेवटचा तास-दीड तास नाश्ता आणि उतरायची तयारी, झोपायला उरतात जेमतेम चार तास, मग हिथ्रोवर बस, सिक्युरिटी, परत सगळं पहिल्यापासून. तरुणांना ठीक आहे.

एअर इंडियाच्या नॉनस्टॉपबद्दल एक, एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने आपल्या विमानांना हद्द बंद केल्यापासून अमेरिकेहून येणारी काही विमानं वाटेत व्हिएन्नासारख्या ठिकाणी इंधनासाठी थांबायला लागली. प्रवाशांनी उतरायचं नसतं. हे आई-बाबांना आधी सांगून ठेवा, नाहीतर विमान टेकलं की बाबा उठून बॅगच काढतील.

७. फक्त लांबच्या टप्प्याला बिझनेस आणि दुबई-मुंबईला इकॉनॉमी, असं करता येतं का?

येतं, बऱ्याच कंपन्यांच्या साइटवर मिक्स्ड केबिन म्हणून दिसतं, कधी फोन करूनच करावं लागतं. बचत प्रत्येक वेळी होतेच असं नाही, कधीकधी दोन्ही टप्पे बिझनेस घेतले तरी फरक किरकोळ. उलटी खेप मात्र नीट बघा. स्वस्तात "बिझनेस" दिसलं म्हणून क्लिक करता आणि आत बघावं तर लांबचा टप्पा इकॉनॉमी आणि बिझनेस फक्त तीन तासांचा. मुंबईहून पुढे छोट्या गावाला जाणारी एटीआर विमानं तर सगळी एकाच वर्गाची, तिथे बिझनेसचा प्रश्नच येत नाही.

८. इकॉनॉमीचं तिकीट आधीच आहे. बोली लावून किंवा पॉइंट्सवर अपग्रेड करू का?

करा, पण कशात हात घालताय ते बघून. बोली म्हणजे वरच्या वर्गासाठी इतके जास्त देतो असं कंपनीला कळवायचं. ती लागली की नाही ते बऱ्याचदा निघायच्या दोन-तीन दिवस आधीच कळतं, आणि लागली की बहुतेक ठिकाणी पैसे परत नाहीत. दोघांची बोली एकत्र लावा, म्हणजे लागली तर दोघांची. बॅगेचं वजन काही कंपन्या मूळ इकॉनॉमीचंच धरतात, तेव्हा प्र. १० मधले ३२ किलो गृहीत धरून बॅगा भरू नका. अपग्रेड झालं की आधी पैसे देऊन घेतलेली सीट जाते, आणि सांगितलेलं जेवण, व्हीलचेअर हेही परत एकदा फोन करून पक्कं करायचं.

पॉइंट्सवर करायचं असेल तर तिकीट कुठल्या भाड्याच्या प्रकारातलं आहे ते आधी विचारा. सगळ्यात स्वस्त सेलच्या तिकिटांना बऱ्याचदा अपग्रेड चालतच नाही.

९. चांगले कपडे घालून, गोड बोलून फुकट अपग्रेड मिळतं असं ऐकलंय.

ऐकलं असेल. इकॉनॉमी जास्त भरली तर कॉम्प्युटर आधी स्टेटसवाल्यांना, म्हणजे त्या कंपनीने नेहमी उडणाऱ्यांना, वर ढकलतो. बाबांचा कोट घरीच राहू द्या.

१०. बिझनेसमध्ये किती सामान नेता येतं?

अमेरिकेच्या रूटवर बॅगांचा हिशेब नगावर असतो. साधारणपणे इकॉनॉमीत २३ किलोच्या दोन (सगळ्यात स्वस्त भाड्यात एकच असू शकते, बघून घ्या), बिझनेसमध्ये ३२ किलोच्या दोन. दोघांचे मिळून ३६ किलो जास्त झाले, आणि इथल्या मावशा-काकूंना हा आकडा बिझनेसच्या पलंगापेक्षा जास्त आवडतो. पण एका बॅगेत ३२ च्या वर नाही म्हणजे नाही, पैसे देतो म्हटलं तरी नाही, कारण ती उचलणारा माणूस आहे. आणि खरं सांगायचं तर ३२ किलोची बॅग मुंबईला पट्ट्यावरून आई-बाबांनाच ओढायची असते. चारही बॅगा ठासून भरण्यापेक्षा २५-२५ च्या भरा.

पुढे मुंबई-नागपूर वगैरे वेगळ्या तिकिटावर असेल तर तिथे इकॉनॉमीत १५ किलोचा हिशेब लागतो आणि तुमच्या ३२ ला कोणी विचारत नाही. एकाच तिकिटावर असेल तर सहसा तेच वजन पुढे चालतं. दोन्ही बाबतीत मुंबईला किंवा दिल्लीला, जिथे पहिल्यांदा भारतात उतरता तिथे, बॅगा काढून कस्टम्समधून नेऊन परत द्याव्या लागतात. हे न कळल्यामुळे बॅगा पट्ट्यावर फिरत राहतात आणि माणसं नागपूरला.

पॉवर बँक कुठल्याही वर्गात चेक-इनमध्ये टाकायची नाही. एमिरेट्सने तर १ ऑक्टोबर २०२५ पासून ती विमानात वापरायलाही बंदी केलीय, जवळ एकच ठेवता येते.

११. बिझनेस आहे म्हणजे व्हीलचेअर नको ना?

वेगळी गोष्ट आहे. बिझनेसने चेक-इनची रांग वाचते, चालणं वाचत नाही. दुबईत एका गेटहून दुसऱ्या गेटपर्यंत भरपूर चालणं असतं आणि भाषेची, बोर्ड वाचायची धास्ती वेगळीच. गरज असेल तर निःसंकोच मागा, तिचे पैसे लागत नाहीत. मागताना नीट सांगा, नुसतं लांब चालता येत नाही, की जिनेही चढता येत नाहीत, की सीटपर्यंतही मदत लागते, तिन्हीचे कोड वेगळे. अमेरिकेत ढकलणाऱ्याला पाच-दहा डॉलर द्यायची पद्धत आहे, तेवढे सुटे बाबांच्या खिशात ठेवा.

आई चालती-फिरती आहे, फक्त एकटीला बावरायला होतं, तर मुंबईला विमानतळाची पैसे घेऊन सोबत देणारी सेवा मिळते. व्हीलचेअर ज्यांना खरंच लागते त्यांच्यासाठी राहू दे.

१२. जेवणाचं काय? आई शुद्ध शाकाहारी, शिवाय एकादशी.

बिझनेस असलं तरी शाकाहारी जेवण आधीच सांगून ठेवा, किमान २४ तास आधी. नुसतं "व्हेज" निवडलंत तर उकडलेल्या भाज्या आणि सॅलड येऊ शकतं. एशियन किंवा हिंदू व्हेजिटेरियन असं लिहिलेलं निवडा, म्हणजे डाळ-भात-भाजीच्या जवळपासचं काहीतरी येतं. जैन वेगळं असतं, त्यात कांदा-लसूण-बटाटा नसतो. आणि "हिंदू मील" असं नुसतं लिहिलेलं असतं ते मांसाहारी असतं बरं का, फक्त बीफ नसतं. दरवर्षी कोणी ना कोणी यात अडकतंच.

उपासाचं वेगळं जेवण सहसा कंपन्यांकडे नसतं. फळांची थाळी असते ती सांगा, आणि राजगिऱ्याचे लाडू, दाण्याची चिक्की डब्यात द्या. साबुदाण्याची खिचडी सिक्युरिटीतून जाते, दही जात नाही.

१३. ते स्वतःहून काही मागतच नाहीत. एवढे पैसे घालून उपयोग होईल का?

हा प्रश्न मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो आणि उत्तर कंपनीच्या साइटवर मिळणार नाही.

आमच्याकडच्या एका काकूंनी पूर्ण प्रवास सीट सरळ ठेवून केला. पलंग व्हायचं बटण हाताशी होतं, त्यावर चित्रही होतं, पण "काही मोडलंबिडलं तर" म्हणून हात लावला नाही. एअर होस्टेस दोनदा येऊन बेड करू का विचारून गेली, काकू दोन्ही वेळा हसून "नो, नो, थँक्यू" म्हणाल्या. गादी पिशवीत घडी घालून समोरच ठेवलेली, ती त्यांनी उशी म्हणून पाठीला घेतली. उतरल्यावर म्हणे, "छान होतं हो, खुर्ची मऊ होती."

तेव्हा जायच्या आठवडाभर आधी त्याच विमानाच्या सीटचा व्हिडिओ टीव्हीवर लावून दाखवा. तीन बटणं पुरतात, पूर्ण झोपायचं, पूर्ण बसायचं, आणि माणूस बोलवायचं. एका कागदावर मराठीत आणि खाली इंग्लिशमध्ये मोठ्या अक्षरात चार ओळी लिहून द्या: कृपया माझा बेड करून द्या, मला गरम पाणी हवंय, मी शाकाहारी आहे, जेवणासाठी मला उठवा. शेवटची ओळ विसरू नका, बिझनेसमध्ये झोपलेल्याला सहसा उठवत नाहीत आणि मग शुगर असलेली माणसं उपाशी राहतात. बेल वाजवणं म्हणजे कुणाला त्रास देणं नव्हे, हेही त्यांना स्पष्ट सांगावं लागतं.

अजून एक, गोळ्यांची पिशवी. काही बिझनेस सीटसमोर खाली पर्स ठेवायला जागा नसते, उडताना-उतरताना सगळं वर ठेवायला लावतात. त्या वेळी लागणाऱ्या गोळ्या आणि चष्मा खिशात. इन्सुलिन कधीही चेक-इनमध्ये नाही, खाली गोठू शकतं.

१४. झोपून गेल्यावर पायात गुठळी वगैरे होत नाही ना?

होऊ शकते. याला लोक इकॉनॉमी क्लासचा आजार म्हणतात म्हणून गैरसमज झालाय. मुद्दा सीटचा नसून तासन् तास न हलण्याचा आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ च्या अभ्यासात चार तासांहून लांबच्या प्रवासात हा धोका साधारण दुप्पट होतो असं दिसलं होतं. मूळ धोका कमी असतो म्हणून घाबरायचं कारण नाही, पण जागं असताना दर दीड-दोन तासांनी उठून फेरी मारायची, बसल्या जागी घोटे फिरवायचे, पाणी प्यायचं. आधी कधी गुठळी झाली असेल, नुकतं ऑपरेशन असेल, कॅन्सरची ट्रीटमेंट चालू असेल तर मोजे-इंजेक्शन काय ते डॉक्टरला विचारून. केबिनमधली हवा आणि दाब सगळ्या वर्गांना सारखेच, तिथे पैसे देऊन काही मिळत नाही.

१५. लाउंजमध्ये काय करायचं असतं? आणि ब्लँकेट घरी नेलं तर चालतं का?

खायचं, बसायचं, काही ठिकाणी अंघोळ करायची, आणि गेटवर वेळेत जायचं. बऱ्याच लाउंजमध्ये फ्लाइटची घोषणा करत नाहीत, म्हणून बाबांच्या फोनवर अलार्म लावून द्या. आई-बाबांना सोडायला आलेले तुम्ही आत जाऊ शकत नाही, सिक्युरिटीच्या पलीकडे असतं ते.

टूथपेस्ट-मोज्यांचा पाउच न्यायचा, नाइट ड्रेस दिला तर तोही. ब्लँकेट, उशी, हेडफोन नाही. विचारणाऱ्यांची संख्या बघून इथे लिहावं लागलं.

१६. आय-९४ ची तारीख जवळ आलीय पण स्वस्त बिझनेस त्यानंतरच मिळतंय. व्हिसा तर दहा वर्षांचा आहे.

व्हिसा किती वर्षांचा आहे याचा इथे संबंध नाही. किती दिवस राहायचं ते आय-९४ वरची, म्हणजे अमेरिकेत शिरताना होणाऱ्या नोंदीवरची, तारीख सांगते, बी-२ (पाहुण्यांच्या) व्हिसावर सहसा सहा महिने. ती ओलांडली तर तो दहा वर्षांचा व्हिसा रद्द धरला जातो. भाड्यात हजार डॉलर वाचतायत म्हणून हा खेळ करू नका. आणि शेवटच्या दिवसाचं तिकीटही काढू नका, बर्फ, तांत्रिक बिघाड, काहीही होतं, आठवडाभर हातचा ठेवा. खरंच राहायचं असेल तर मुदत संपायच्या आत वाढवून मागायचा अर्ज असतो, त्यासाठी वकिलाशी बोला. जाताना अमेरिकेत इमिग्रेशनचा शिक्का मारत नाहीत, नोंद एअरलाइनकडून आपोआप जाते, तरी बोर्डिंग पास जपून ठेवा.

१७. लंडन-फ्रँकफर्टला विमान बदलायला व्हिसा लागतो का? बिझनेसवाल्यांना सूट असते ना?

वर्गाप्रमाणे सूट नसते. पासपोर्टवर अमेरिकेचा चालू व्हिसा असेल तर तिथे आतल्या आत विमान बदलायला ट्रान्झिट व्हिसाची गरज पडत नाही. पण दोन वेगळी तिकिटं, बॅगा बाहेर काढून परत द्यायच्या, किंवा लंडनला हिथ्रोवर उतरून दुसऱ्या विमानतळावरून, गॅटविकहून, निघायचं, तर देशात प्रवेश करावा लागतो आणि मग गोष्ट वेगळी. म्हाताऱ्या माणसांना एकाच तिकिटावर पाठवा, इतर कारणांसाठी प्र. १० आणि २० बघा.

१८. मुंबईला उतरल्यावर बिझनेसचा काही फायदा होतो का? कस्टम्सवाले सोडतात का?

विमानातून आधी उतरता, बॅगेवर प्रायॉरिटीचा टॅग असतो, तो टॅग पट्ट्याला वाचता येतोच असं नाही. इमिग्रेशनसाठी फास्ट ट्रॅकची ई-गेट जानेवारी २०२५ पासून मुंबईतही आहेत, भारतीय पासपोर्ट आणि ओसीआयवाल्यांना, नोंदणी फुकट, फॉर्म आधी ऑनलाइन भरून बोटांचे ठसे द्यावे लागतात. वरचेवर ये-जा करणाऱ्या आई-बाबांसाठी बिझनेसपेक्षा हे जास्त कामाचं.

कस्टम्सला तिकिटाचा वर्ग कळतही नाही. माणशी दोन लिटर दारू, एक लॅपटॉप, बाकी सामानाला ठरलेली मर्यादा. सोन्याच्या दागिन्यांची वेगळी सवलत वर्षाहून जास्त परदेशात राहिलेल्यांना आहे, सहा महिन्यांच्या पाहुण्यांना नाही. आईने येताना भारतातून आणलेले स्वतःचे दागिने असतील आणि जास्त असतील तर भारतातून निघतानाच कस्टम्सकडून एक्स्पोर्ट सर्टिफिकेट घ्यायचं असतं. तेव्हा घेतलं नसेल तर निदान जुने फोटो आणि पावत्या फोनमध्ये ठेवा.

१९. बिझनेसचं तिकीट असून इकॉनॉमीत बसवलं तर?

होतं, विमान बदललं की होतं. गेटवर भांडत बसू नका, पण "ठीक आहे" म्हणून व्हाउचरही सही करून घेऊ नका. कुठला कायदा लागतो ते कुठून उडताय आणि कुणाचं विमान यावर. अमेरिकेहून निघताना दोन रस्ते, जायचंच नाही ठरवलंत तर पूर्ण रिफंड, गेलात तर भाड्यातला फरक परत. युरोपातून उडणारं कुठलंही विमान, किंवा युरोपात जाणारं युरोपियन कंपनीचं, ३५०० किलोमीटरपेक्षा लांबचं असेल तर त्या टप्प्याच्या भाड्याचे ७५ टक्के, आणि ते सात दिवसांत. ब्रिटनचा नियम जवळपास तसाच. भारतीय कंपनी असेल तर डीजीसीएच्या (भारतातल्या विमान वाहतूक नियामकाच्या) १५ फेब्रुवारी २०२३ पासूनच्या नियमाने ३५०० किलोमीटरवर टॅक्ससकट ७५ टक्के. आई-बाबांना यातलं काही करायला सांगू नका, फक्त नवीन बोर्डिंग पासचा फोटो पाठवायला सांगा, बाकी क्लेम तुम्ही घरी बसून करा.

२०. बॅग हरवली तर बिझनेसला जास्त भरपाई मिळते ना?

नाही. मॉन्ट्रियल कराराची मर्यादा माणशी सारखीच, २८ डिसेंबर २०२४ पासून १५१९ एसडीआर (हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक). बॅग फुटली असेल तर सात दिवसांत लेखी तक्रार, उशिरा आली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत. विमानतळ सोडायच्या आधी काउंटरवर रिपोर्ट करून नंबर घ्यायचा, घरी जाऊन उद्या फोन करू म्हटलं की अर्धी केस गेली. दोन वेगळी तिकिटं असली की दोन्ही कंपन्या एकमेकांकडे बोट दाखवतात.

२१. बाबांची इथे अँजिओप्लास्टी झाली. बिझनेसचं काढलं म्हणजे झालं ना?

नाही, आधी कंपनीचा मेडिफ, म्हणजे तब्येतीच्या माहितीचा, फॉर्म. इथल्या डॉक्टरने भरायचा, एअरलाइनचा डॉक्टर हो-नाही ठरवतो, आणि हे न करता गेलात तर गेटवर अडवू शकतात. ऑक्सिजन कॉन्सन्ट्रेटर न्यायचा असेल तर मान्यता असलेलं मॉडेल हवं, किमान ४८ तास आधी कळवायचं, आणि बॅटऱ्या प्रवासाच्या दीडपट वेळ पुरतील इतक्या. सीटला प्लग आहे हे उत्तर चालत नाही.

२२. एकच बिझनेस परवडतंय. आई पुढे, बाबा मागे, आणि अर्ध्या वाटेत सीट बदलतील, चालेल?

बदलायला सहसा देत नाहीत. पुढचा माणूस मागे भेटायला येऊ शकतो, मागच्याला पुढे येऊ देतीलच असं नाही. आणि व्यवहारात काय होतं ते सांगतो, आई दर तासाला उठून मागे जाते, "जेवलात का, गोळी घेतलीत का" विचारायला, आणि पलंग रिकामा. त्यापेक्षा दोघांना प्रीमियम इकॉनॉमी बरी, प्र. ४ मध्ये मी काहीही म्हटलं असलं तरी.

२३. तिकीट काढलं, आता बाबा म्हणतायत कॅन्सल कर, एवढे पैसे कशाला घातलेस.

अमेरिकेहून निघणारं किंवा अमेरिकेला येणारं तिकीट थेट एअरलाइनकडून, प्रवासाच्या किमान सात दिवस आधी काढलं असेल तर २४ तासांत फुकट रद्द करता येतं (काही कंपन्या त्याऐवजी पैसे न घेता २४ तास भाडं राखून ठेवतात). एजंटकडून काढलेल्याला हा नियम बांधील नाही. त्यानंतर भाड्याप्रमाणे दंड, सेलच्या बिझनेस तिकिटाला बराच. म्हणून आमच्याकडे आई-बाबांना तिकिटाची पीडीएफ भाड्याचं पान काढूनच पाठवतात, आणि तीही तिसऱ्या दिवशी.